गुरूच्या तोंडाची पैज

कानडी मुलखाला लागून असलेल्या आमच्या शहरात, भवानी पेठेत गुरूचं पंपाच्या सामानाचं दुकान आहे. शेतकरी येतात, वायसर मागतात, फुटवॉल मागतात, पाइपाचा जोड मागतात आणि गुरू काढून देतो. "अर्धा इंची हाय का?" या प्रश्नावर माणूस बोलून बोलून किती बोलणार? म्हणून दिवसभर साठलेलं सगळं बोलणं तो संध्याकाळी समोरच्या चहाच्या गाड्यावर आणून ओततो आणि ते थेट माझ्या अंगावर पडतं. मी पलीकडच्या शाळेत मराठी शिकवतो. दिवसभर पोरांना गप्प बसवून दमलेल्या माणसाला चहा तरी शांततेत मिळावा, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती.

गुरूचा विषय एकच, व्हिडिओ गेम. चाळिशी उलटलेली, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि तोंडात अखंड प्लेस्टेशन, असा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. त्याच्या लहानपणी गेमची कॅसेट यायची. ती लागली नाही की बाहेर काढून फुंकायची आणि परत बसवायची. पुढं कॅसेट जाऊन तबकडी आली, तबकडी जाऊन गेम नेटवरून उतरवायची सोय झाली, पण गुरूच्या लेखी सगळ्या कॅसेटच. "काल एक कॅसेट उतरवली, सर," असं तो सांगतो तेव्हा नवखा माणूस चाचपडतो.

मतांचा तर त्याच्याकडं कारखाना आहे. गंमत म्हणजे त्यातली कित्येक मला पटायची, फक्त मी तसं दाखवत नसे. हल्ली गेम पुरता न करताच विकतात आणि मागाहून दुरुस्त्या पाठवत बसतात, याला तो कच्ची भाकरी वाढणं म्हणे. आधी ताटात घालायची आणि माणूस घास मोडायला लागला की म्हणायचं, थांबा, दुसरी बाजू भाजायची राहिली. पैसे भरून गेम घेतल्यावर आत पुन्हा नशिबाच्या पेट्या विकतात, तो त्याच्या मते पोरासोरांचा मटका, आणि खऱ्या मटक्याला निदान पोलीस तरी धरतात. चित्र किती खरं दिसतं याचं त्याला काडीचं कौतुक नाही. पाण्याचा थेंब न् थेंब दाखवतात, पण खेळातला गडी त्याच पाण्यात गुडघाभर उतरला की मरतो, मग काय चाटायचंय त्या थेंबाला? मोबाइलवरचे गेम म्हणजे एसटीतले फुटाणे. वेळ जातो, पोट भरत नाही. निन्टेन्डोवाले म्हातारे झाले तरी खेळायचं विसरले नाहीत, एक्सबॉक्सवाले वर्गणीत एवढे पदार्थ वाढतात की माणूस ताट बघूनच दमतो, आणि प्लेस्टेशन म्हणजे घरातला थोरला भाऊ, जरा मिजासखोर, पण भरवशाचा. नव्या गेमला दहापैकी नऊ गुण वाटणाऱ्या परीक्षकांवर तर त्याचा फार राग. "तुमी तरी देता का हो असे मार्क?" असं तो मला विचारी, जणू त्या परीक्षकांना मीच नेमलं होतं.

पण सगळ्यात लाडकं मत दुसऱ्या रिमोटचं. यंत्राच्या खोक्यात हातात धरून खेळायचा रिमोट बहुधा एकच येतो, दुसरा वेगळा विकत घ्यावा लागतो, हे त्याच्या मनाला फार लागलेलं.

"आमच्यात दासोह असतोय, सर," तो म्हणायचा. "मठात आल्या माणसाला जेवू घातल्याबिगर सोडत न्हाईत. आन् हे एवढं मोठं खोकं देतात, आत रिमोट एकच. म्हंजे घरात ताट एकच. पाहुण्यानं काय ओंजळीत जेवायचं?"

गेम दोघांनी शेजारी बसून, एकमेकांची कोपरं खात खेळायचा असतो, जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या न दिसणाऱ्या माणसाशी नव्हे, हे पुढचं कलम. ते मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याला ठसका लागला तर पुढचं वाक्य मी पुरं केलं असतं.

गेल्या एप्रिलातली गोष्ट. पेपर तपासून माझं डोकं भणभणलेलं, ऊन उतरायला तयार नाही आणि गाड्यावर कुणीतरी एक जाहिरात चिकटवलेली. माझा जुना विद्यार्थी अद्वैत कॉम्प्युटरचं दुकान चालवतो, त्यानं व्हिडिओ गेमची जोडी स्पर्धा ठेवली होती. गुरू त्या जाहिरातीवरही तुटून पडला. रंगाला नावं ठेवली, चित्राला नावं ठेवली आणि नेहमीच्या वळणानं कच्च्या भाकरीवर आला. तिथं माझा तोल गेला.

"बोलायला काय जातंय, गुरू?" मी म्हणालो. "उतर की मैदानात. जिंकलास तर जन्मभर तुझं ऐकीन. हरलास तर या गाड्यावर गेमचा ग काढायचा नाही."

गाड्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचेही कान किटलेले होते. गुरूचा चेहरा मात्र उतरला. दुकान वडिलांनी मांडून दिलेलं, घर वडिलांनी बांधलेलं, धंदाही त्यांचाच. या माणसाचं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते एवढंच, ही मतं. तीच मी पणाला लावायला सांगत होतो. त्यानं कप खाली ठेवला आणि "चालतंय की," म्हणाला. गडी शब्दाचा पक्का. हरला असता तर खरोखरच बोलला नसता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आता आली का पंचाईत. जन्मभर दुसऱ्या रिमोटचा कैवार घेतलेल्या माणसाला जोडीदार मिळेना. बरोबरीच्या मित्रांनी हात वर केले. शेवटी त्यानं बायकोचं नाव दिलं. अक्षतावहिनी अक्कलकोटच्या. घरात नवराबायको कानडीच बोलतात, मराठी दुकानाच्या पायरीपासून सुरू होते. वहिनी स्वतः गेम कधी खेळल्या नव्हत्या, पण लग्न झाल्यापासून गुरू खेळत असला की त्या शेजारी शेंगा फोडत बसायच्या आणि तो वाट चुकला की मान वर न करता सांगायच्या, दार मागं राहिलं. गुरूला राक्षस मारता येतात, वाट सापडत नाही.

आणि स्पर्धेतला खेळ नेमका वाटेचाच निघाला. एकानं ट्रक चालवायचा, पण त्याच्या पडद्यावर नुसती धूळ. दुसऱ्याच्या पडद्यावर नकाशा, पण हातात चाक नाही. नकाशावाल्यानं ओरडून सांगायचं आणि ट्रकवाल्यानं वळायचं. प्रत्येक जोडीची वाट वेगळी. आधी पोचेल ती जोडी पुढं.

रविवारी दुपारी एका मंगल कार्यालयात हा सोहळा झाला. मी तिसऱ्या रांगेत, कूलरच्या झोतात जागा धरली. पहिल्या फेरीत सगळ्याच जोड्या "लेफ्ट, राइट" ओरडत होत्या. एका छपराखाली इतके लेफ्ट आणि इतके राइट झाले की कुणाचा कोणता हे कुणालाच कळेना. वहिनीही चारचौघांत बरं दिसावं म्हणून दबक्या आवाजात लेफ्ट-राइट करत होत्या. गुरू शेजारच्या जोडीचं राइट ऐकून वळला आणि खड्ड्यात गेला. बाकीचे त्याहून मोठ्या खड्ड्यात गेले म्हणून ही दोघं कशीबशी पुढं सरकली. मी मनातल्या मनात गाड्यावरच्या शांत चहाचा पहिला घोट घेतला.

दुसऱ्या फेरीला वहिनींनी पदर खोचला आणि लाजबीज सोडून सरळ कानडी सुरू केली. गुरू हिशेब मराठीत करतो, भांडतो मराठीत, पण त्याचे हात कानडी आहेत. डावा कुठला आणि उजवा कुठला, हे त्याच्या आईनं, कमलम्मांनी, त्याला जेवायला बसवून कानडीत शिकवलेलं. वहिनींचा शब्द आला की त्याचा हात आपोआप वळायचा, मध्ये विचाराचं गतिरोधक नाही. बाकीच्या जोड्या एकमेकांच्या लेफ्ट-राइटमध्ये ठेचकाळत होत्या आणि यांचा ट्रक हायवेला लागल्यासारखा सुटला. एकेक फेरी मारत दोघं अंतिम फेरीत जाऊन बसली. आता समोर पुण्याहून आलेली दोन पोरं होती, गावोगावच्या अशा स्पर्धा मारत फिरणारी.

पंचही पुण्याचाच होता, एक सभ्य तरुण. आतापर्यंत तो दुसऱ्या टोकाला उभा असायचा, अंतिम फेरीला तो येऊन वहिनींच्या शेजारी थांबला. शिट्टी झाली. "बल! बल!" वहिनी ओरडल्या. पंचाला वाटलं, बाई नवऱ्याला बळ देते आहे. तो कौतुकानं हसला. पुढच्या वळणाला वहिनी जीव तोडून ओरडल्या, "येड! येड! येऽड!"

पंचाचं हसू मावळलं. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. त्यानं शिट्टी फुंकून खेळ थांबवला. जोडीदाराला अपशब्द वापरला तर जोडी बाद, असा नियम सुरुवातीलाच वाचून दाखवलेला होता. त्यानं वहिनींना अदबीनं समजावलं की मॅडम, एकदा दुर्लक्ष केलं, पण नवऱ्याला चारचौघांत येडा म्हणणं नियमात बसत नाही. आपण काय केलं हेच वहिनींना कळेना. गुरू तरातरा उठून आला.

"ओ सर, ती मला येडा म्हणत न्हाय. ती येड म्हणत्या."

"मी तेच म्हणतोय," पंच म्हणाला.

"तसं न्हवं हो. येडा येगळं, येड येगळं."

निम्मं सभागृह पोट धरून हसत होतं आणि निम्मं एकाच वेळी ओरडून पंचाला समजावत होतं. गाववाले गाववाल्यांची बाजू घेणारच, असं समजून पंचानं तिकडं लक्ष दिलं नाही. त्यानं माइक उचलला.

त्यानं बाद म्हणायचा अवकाश, गाड्यावर कायमची शांतता होती. मला काही करायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसून राहायचं होतं. मी गुरूकडं बघितलं. तो तोंड उघडून उभा होता आणि त्यातून शब्द फुटत नव्हता. एवढ्या वर्षांत गुरूला असा मुका झालेला मी पहिल्यांदाच बघत होतो आणि ते मला बघवेना. मी उठलो आणि वर्गातल्या आवाजात ओरडलो, "गप्प बसा सगळे!" सभागृह चिडीचूप झालं. त्यातले अर्धे माझ्या हातचा मार खाल्लेले होते.

"पंचसाहेब," मी म्हणालो, "कानडीत येड म्हणजे डावीकडं आणि बल म्हणजे उजवीकडं. त्या बाई वाट सांगतायत. गुरू येडा आहे, पण तो मराठीत."

अद्वैतनं पुढं होऊन पंचाला सांगितलं की सर म्हणतात ते खरं आहे. पंच कानापर्यंत लाल झाला. त्यानं वहिनींना हात जोडले, नव्या वाटांवर पुन्हा पहिल्यापासून खेळ होईल असं जाहीर केलं आणि प्रेक्षकांनी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही अशी ताकीद दिली. पुण्याच्या पोरांनीही कुरकुर केली नाही. त्यांना हा प्रकार भलताच आवडलेला दिसला.

मग त्या शांततेत दोनच भाषा ऐकू यायला लागल्या. पुण्याची पोरं हुशार होती, हात तर विजेसारखे चालत होते. निम्म्या वाटेवर त्यांचा ट्रक पुढं होता. पण एका फाट्यावर त्यांचं बिनसलं. तुझं लेफ्ट की माझं लेफ्ट, यावरून दोघं हुज्जत घालत थांबली. गुरूचा ट्रक त्याच्या वाटेवरच्या तसल्याच फाट्यावर आला. पडद्यावर धूळच धूळ. वहिनी आता ओरडल्यासुद्धा नाहीत. घरात शेंगा फोडताना बोलावं तसं त्या हळूच म्हणाल्या, "येड." गुरू वळला. पुन्हा "येड," पुन्हा वळला. मग "बल," आणि धूळ एकदम खाली बसली, समोर झेंडा.

सभागृहात जे काही झालं ते शब्दांत धरता येत नाही. खुर्च्या उलथल्या. मागच्या रांगेतला कुणीतरी "येऽड!" अशी आरोळी ठोकली आणि अख्खं मंगल कार्यालय ती आरोळी देत नाचायला लागलं. मीही नाचलो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला कुणी कधी नाचताना बघितलेलं नाही. पुण्याच्या पोरांनी वहिनींच्या पाया पडून घेतलं, आणि गुरू बायकोकडं असा बघत होता की जणू खोक्यात दुसरा रिमोट आजच निघाला.

बक्षीस झाल्यावर अद्वैतनं माइक गुरूच्या हातात दिला आणि दोन शब्द बोला म्हणाला. अद्वैत लहान आहे, त्याला अनुभव नाही.

गुरूनं घसा खाकरला. ज्यात एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला चालवता येत नाही, असा गेम ज्यानं केला त्याच्या हाताला मी आधी नमस्कार करतो, असं तो म्हणाला. गुरू एखाद्या गेमची स्तुती करतोय, हे मी प्रथमच ऐकत होतो. मग तो रंगात आला. पुण्याची पोरं व्यासपीठाच्या कडेला पाय सोडून बसली आणि प्रश्न विचारायला लागली. पंचानं खुर्ची जवळ ओढली. समोरची पोरंटोरं, त्यांचे आईबाप, कुणीही हललं नाही. वायसर आणि फुटवॉल विकण्यात गेलेला जन्म, आणि आज त्याला विचारणारी माणसं समोर बसली होती. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला त्याचा अभिमान वाटला.

अभिमान वाटला तरी कान ते कानच. बराच वेळ झाल्यावर मी चप्पल पायात सरकवली आणि कडेकडेनं दाराकडं निघालो. पहिल्या रांगेत बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन बसलेल्या अक्षतावहिनींनी मला बरोबर टिपलं.

"कुटं निघाला, सर?" शेजारच्या खुर्चीवर हात ठेवत त्या म्हणाल्या. "तुमी उठून बोलला म्हणून तर हे चालू हाय. आता बसा की."

मी बसलो.