आमच्या घराचा दिवस

मी बंगळुरूला निघाले त्या सकाळी पप्पांनी माझ्या भरलेल्या बॅगेतले कपडे उपसून पत्रकांचा एक गठ्ठा आत कोंबला. आईने त्याच जागेत सुक्या बोंबलांची पिशवी ठेवली होती. पत्रकांना वास लागेल म्हणून पप्पा चिडले, आणि बोंबील निदान कुणी खाईल तरी, असं आई म्हणाली. वसईच्या आमच्या आळीत रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि घरात बोंबील खाली की पत्रकं खाली हा वाद चालू होता. शेवटी बोंबील खाली गेले.

आळीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे. तिथे पप्पांनी रिक्षा थांबवली, मी उतरून क्रूसाला हात लावला. मग पप्पा म्हणाले, "लांब जा, हरकत नाही. पण मे महिन्यात आपल्या दिवसाला ये. दिवस सोडला की घर सुटतं."

आळीत राहिलेल्यांना हे समजावायची गरज नाही. पण आळी सोडून गेलेल्यांनो, दुबई-कॅनडात वाढलेली तुमची मुलं हे वाचतील, म्हणून सांगते. मे महिन्यात रोज संध्याकाळी आळी या क्रूसासमोर जमते आणि जपमाळ म्हणते. प्रत्येक घराला एक दिवस नेमून दिलेला. त्या दिवशी क्रूसाला हार त्या घराचा, उकडलेले चणे त्या घराचे, आणि प्रार्थना सांगणारं माणूसही त्याच घरचं. माळेच्या मण्यामण्याला नमो मारिया ही प्रार्थना; तिचा पहिला अर्धा त्याने म्हणायचा, दुसरा अर्धा आळीने. ज्या घरात सांगायला कुणी उरत नाही, त्याचा दिवस पुढच्या घराकडे जातो. मग आळी त्याला बंद घर म्हणते. भले आत दिवा जळत असो.

आमच्या घराचं सांगणारं माणूस म्हणजे पप्पा. त्यांचा आवाज मोठा, आणि मतं त्याहून मोठी. लग्नातली दारू, बुजवलेल्या बावखलांवर, म्हणजे आमच्या गोड्या तळ्यांवर उठलेल्या इमारती, थडग्यांवरची प्लास्टिकची फुलं, प्रत्येक गोष्टीवर त्यांचं पत्रक असे. स्वस्त गुलाबी कागदावर छापायचं आणि रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी सुटला की देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) फाटकात उभं राहून वाटायचं. मी अक्षरओळख त्या गुलाबी कागदांवर केली. त्यामुळे चीड मला वारशाने मिळाली आहे, आणि बंगळुरूने तिला खुराक दिला.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात पुण्याच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं की तू ख्रिश्चन, मग मराठी कशी बोलतेस? मी म्हटलं, आईने शिकवली, तुला कुणी शिकवली? ती हसली आणि पुढच्या वर्षी गणपतीच्या वर्गणीला मात्र मला आठवणीने गाठलं. इकडे देवळाबाहेरच्या फळ्यावर मिस्सा कन्नडमध्ये, तमिळमध्ये, इंग्रजीत. मराठीचा प्रश्नच नव्हता. ठीक आहे, देवाला भाषेची अडचण नसते, असं म्हणत मी इंग्रजी मिस्सेला जाऊ लागले. तिथे पुढच्या बाकावरचा तरुण अर्पणाच्या वेळी स्वतःचा व्हिडिओ काढत होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि फोन प्रार्थनापुस्तकाला टेकवून उभा केलेला.

माझी घरमालकीण लिली आंटी मंगळूरची. देऊळ तिच्या घरापासून दोन वळणांवर, पण ती सकाळी चहाबरोबर वेलंकणीची मिस्सा टीव्हीवर लावते, नाश्त्याबरोबर मंगळूरची, आणि भाजी चिरताना कुठल्यातरी प्रवचनकाराला मोठ्या आवाजात ऐकते. मी एकदा म्हटलं, आंटी, देऊळ जवळ आहे की. ती म्हणाली, "देवळात पंखा माझ्यावर येत नाही, बाये." शिवाय दिवसभर तिचे फॉरवर्ड. हा मेसेज पुढे पाठवला नाहीत तर मेणबत्ती विझेल. पोपनी कधीच न उच्चारलेली वाक्यं, गुलाबांच्या चित्रावर. आणि हेच गुलाब संध्याकाळी वसईहून आईच्या फोनवरूनही येत. मी समुद्राएवढं अंतर कापून आले आणि मूर्खपणा तेवढा माझ्याआधी पोचला.

मग मी पप्पांची मुलगी जे करेल ते केलं. पत्रक लिहिलं. "फोन खिशात ठेवा, देव समोर आहे." इंग्रजीत लिहिलं, कन्नड सहकाऱ्याकडून कन्नडमध्ये करून घेतलं, गुलाबी कागद चामराजपेटहून आणला आणि रविवारी देवळाच्या फाटकात उभी राहिले. लोकांनी फार प्रेमाने घेतलं. कित्येकांनी तिथल्या तिथे त्याचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि कागद मला परत दिला. दुपारपर्यंत माझं पत्रक लिली आंटीकडून मलाच फॉरवर्ड होऊन आलं. खाली जोडलेले हात.

पप्पांना फोन करून सांगितलं तेव्हा ते खोकला लागेपर्यंत हसले. ते हसणं मी शेवटचं ऐकलं. त्या पावसाळ्यात ते गेले. मी अंत्यविधीला पोचले, आणि आळीतले जोजफकाका स्टँडवर फोन लावून कबरस्तानातून लाइव्ह दाखवत होते. मी स्टँड उचलून बाजूला ठेवला. काकांनी तो पुन्हा जागेवर आणला.

यंदाचा मे आला आणि आमचा दिवस जवळ येऊ लागला. आई सांगू शकत नाही. घरात ती पप्पांनाही गप्प करायची, पण चारचौघांत तिचा आवाज फुटतच नाही. मी तिकीट काढलं, रजा मंजूर करून घेतली. आणि कामाची मुदत अलीकडे आली म्हणून साहेबांनी ती रद्द केली. हिंदीत, हसत हसत, एखाद-दोन दिवस उशिरा जाण्याचा तर प्रश्न आहे म्हणाले. आमचा दिवस एकच असतो, हे मी कुठल्या भाषेत सांगणार होते?

मग आळीने तोडगा काढला. तोडगा जोजफकाकांचा, म्हणजे अर्थातच फोन. मी बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर सांगायचं, क्रूसाच्या बाजूला स्टँडवर फोन ठेवायचा, आळी उत्तर देईल, आणि काका हे सगळं दुसऱ्या फोनवरून लाइव्ह करतील. मी सरळ नाही म्हटलं. क्रूसासमोर उभं राहायचं असतं, पायाखाली ती माती असावी लागते. ज्याविरुद्ध मी पत्रक काढलं तेच मी करू का, असं बरंच बोलले. पप्पा असते तर त्यांनी टाळी दिली असती.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू येत नाहीस. फोनही नको म्हणतेस. मग आळीला काय सांगू, बाय? घर बंद आहे?"

मी जोजफकाकांना फोन लावला आणि कॉलची वेळ विचारून घेतली.

त्या संध्याकाळी मी नेटवर्कसाठी लिली आंटीच्या गच्चीवर गेले. पडद्यावर क्रूस, आईने केलेला अबोलीचा हार, चण्यांचं पातेलं, आणि बायका डोक्यावर पदर-ओढण्या घेऊन उभ्या. माझा राग शाबूत होता. मी क्रूसाची खूण केली आणि पहिला अर्धा म्हटला.

उत्तर आलं नाही. काकांच्या लाइव्हमध्ये आवाज घुमू नये म्हणून त्यांनी आळीकडचा माईक बंद केला होता. माझा आवाज तिकडे जात होता, त्यांचा माझ्याकडे नाही. ओठ हलताना दिसत होते, तेही चित्र अडखळत. मी अंदाजाने थांबले आणि पुढची सुरू केली, तर आई हात वर करून थांब थांब करू लागली. त्यांचं अजून संपलं नव्हतं. पुढच्या वेळी जास्त थांबले, तर बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी हसलं असावं. आईने मान खाली घातली. त्या मानेकडे बघून मला वाटलं, फोन तरी फेकावा नाहीतर स्वतःला तरी. पप्पा गेल्यावर पहिल्याच वर्षी आमचा दिवस असा सगळ्या आळीसमोर फसत होता, वर जगभर दिसतही होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "भागेवंत मरिये, देवाचे माये..."

लिली आंटी वाळलेले कपडे काढायला वर आली होती. खांद्यावर टॉवेल, हातात चिमट्यांची टोपली. ती दुसरा अर्धा कोंकणीत म्हणत होती, टीव्हीसमोर म्हणते तसाच, भाजी चिरल्यासारखा. तिचं आमेन झालं आणि पडद्यावर आळीचे ओठ मिटले. मी पुढची सुरू केली. तिने उत्तर दिलं. ती थांबली तेव्हा आळी थांबली. मंगळूर काय आणि वसई काय, या प्रार्थनेचा श्वास एवढाच लांब असतो. हे ज्ञान काही तिला कुठल्या चॅनलने दिलेलं नव्हतं. ते तिच्या आईच्या अंगणातलं होतं.

मग मी पडद्याकडे बघणं सोडलं. ती कपडे घड्या घालत उत्तर देत राहिली, मी सांगत राहिले. मध्येच ती म्हणाली, "स्वल्प सावकाश. गाडी चुकतेय का?" माझा माईक चालू होता, म्हणून हेही आळीने ऐकलं. मी पुन्हा पडद्याकडे बघितलं तेव्हा आईची मान वर आलेली होती.

दुसऱ्या दिवशी आईचा पहिला प्रश्न, ती उत्तर देणारी बाई कोण? आळीने चण्यांचा एक वाटा तिच्यासाठी बाजूला काढला होता. आता तो कसा पाठवायचा यावर आळीत वाद चालू होता. शेवटी जोजफकाकांनी वाट्याचा फोटो पाठवला. मी तो लिली आंटीला दाखवला. ती म्हणाली, फोटो कसला दाखवतेस, चणे कुठे आहेत?

मी सुधारलेली नाही, हे नमूद करते. काकांच्या लाइव्हखाली आमेन लिहिणारे निम्मे लोक त्याच आळीत, क्रूसापासून हाकेच्या अंतरावर, आपापल्या खोलीत बसलेले होते, आणि त्यांच्यासाठी नवं पत्रक तयार आहे. साहेबांसाठीही एक आहे. तुम्ही जे गेलात आणि ज्यांचे दिवस पुढच्या घराकडे सरकले, त्यांच्यासाठी पत्रक नाही, फक्त विचारणं आहे. लांबूनच सांगाल का, असं तुम्हाला कुणी विचारलं होतं का, की विचारल्यावर तुम्हीच नाही म्हटलंत?

घर म्हणजे ती माती, असं मी इतकी वर्षं ठणकावून सांगत आले. मातीशिवाय भागतं, असं मी आजही म्हणणार नाही. पुढच्या मेसाठी रजेचा अर्ज टाकला आहे, आणि लिली आंटी बरोबर यायचं म्हणते आहे, चणे खायला. पण मी पहिला अर्धा म्हटल्यावर जिथून दुसरा अर्धा येतो, तेही घर आहे. हे मान्य करताना मला अजून राग येतो.

गेल्या आठवड्यात आईने फोनवर विचारलं, आळी पुढच्या वर्षाचे दिवस ठरवते आहे, काय सांगू?

मी म्हटलं, "सांग, घर उघडं आहे. आणि काकांना सांग, माईक चालू ठेवा."