माफीची सही

इथे आखातात, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात, ह्यांच्या गाडीला एक सायकलवाला धडकला. तो उलट्या बाजूने आला होता, पण पाय त्याचा मोडला, म्हणून केस ह्यांच्यावर झाली आणि पासपोर्ट पोलिसांनी ठेवून घेतला. तिकडे गावी माझ्या नणंदेचं लग्न तोंडावर आलं होतं.

पोलीस ठाण्यातला अधिकारी म्हणाला, "त्याने माफी लिहून दिली की खलास. नाहीतर कोर्ट."

तो सायकलवाला पेशावरकडचा सुतार. हॉस्पिटलात भेटायला गेलो तर तोच ओशाळला. "भाभीजी, गलती मेरी थी. जहाँ बोलो, साइन कर दूँगा."

मला वाटलं, सुटलो. पण त्याला डिस्चार्ज मिळताच त्याच्या कंपनीने त्याला दूर खोर फक्कानच्या गोडाऊनवर बसवलं. सही त्याने स्वतः ठाण्यात येऊन करायची होती आणि कंपनी त्याला सुट्टी देईना. फोन केला की तिथला मॅनेजर म्हणायचा, "इन्शाल्ला, कल."

"अहो, ज्याला लागलंय तो माफ करायला तयार आहे, मग अडलंय कुठे?" मी ह्यांच्यावरच ओरडायचे.

"मला काय विचारतेस?" हेही चिडायचे.

शेवटी मुलांना घेऊन मी एकटीच लग्नाला गेले. पाठवणीच्या वेळी नणंद माझ्या गळ्यात पडून "दादा हवा होता गं" म्हणत रडली.

मी परतल्यावर कंपनीने एकदाची सुट्टी दिली आणि तो सुतार कुबडी घेऊन ठाण्यात आला. सही झाली, केस मिटली. चहा निवेपर्यंतही वेळ लागला नाही. बाहेर आल्यावर हे परत मिळालेल्या पासपोर्टकडे बघत म्हणाले, "आता कुठे जाऊ?"