प्लॅस्टिकमधला दाखला

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शहापूरला नोटरीकडे मी सुनेचा विवाहदाखला घेऊन गेले होते. माझ्या पुढे मुरबाडकडचे एक काका होते. त्यांची मुलगी नवऱ्याच्या व्हिसावर परदेशात राहत होती. महिनाअखेर तिची मुदत संपत होती आणि ती वाढवायला लग्नाच्या मूळ दाखल्यावर सरकारी शिक्के हवे होते.

काकांनी दाखला गमछ्याने पुसून पुढे केला.

नोटरी म्हणाले, "लॅमिनेशन कशाला केलंत? प्लॅस्टिकवर शिक्के चालत नाहीत."

"घर गळतंय सायेब. भिजू नाय म्हनून केलं."

काका नखाने कोपरा सोलू लागले. मी त्यांचा हात धरला. "काका, फाटेल. ग्रामपंचायतीतून नवा दाखला काढा. आजच अर्ज द्या."

"ग्रामसेवक कवा भेटल, काय म्हाईत. तवर पोरीला थांबू देतील ना, ताई?"

प्रत्येक कामाची पुढची पायरी मी लिहून ठेवते. चिठ्ठीवर 'ग्रामपंचायत, नवा दाखला' एवढंच लिहून मी ती त्यांच्या हातात दिली.

मुरबाडच्या गाडीची वेळ झाली तसे ते उठले. बिनकामाचा झालेला तो दाखला त्यांनी पुन्हा पुसला आणि जपून, न दुमडता, शर्टाच्या आत ठेवला.