रांगेबाहेर राहिलेली घंटी

लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या त्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारे पूर्वी दोघं होते. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं नजरेखालून घालायचं. मग त्यातला एक, याचा मित्र, मुलीकडे परदेशी राहायला गेला आणि हा एकटा उरला. पन्नाशी उलटलेली, घरी कोणी नाही. ऑफिसात त्याला मौनीबाबा म्हणत. त्याला राग नव्हता. निदान हाक तरी मारत होते.

एक दिवस तक्रार आली. एका इमारतीत निवृत्त शिक्षिका लिफ्टमध्ये अडकल्या. धोक्याची घंटी दाबून दाबून त्यांचं बोट दुखलं, पण खाली वॉचमनकडे काही वाजलंच नाही. वायरमननं वायर तपासली. ती धडधाकट होती. मग गाडं मौनीबाबापाशी आलं.

तो गेला तेव्हा बाई कठड्याला धरून जिना उतरत होत्या. लिफ्टचं नाव काढायला तयार नव्हत्या.

"मला वाटलं, खाली ऐकू येतंय आणि कोणी उठत नाहीये," त्या म्हणाल्या. "तेच जिवाला लागलं."

लॉबीतच त्यानं लॅपटॉप उघडला. लिफ्टची सगळी खबर एका युनियनमध्ये होती, म्हणजे एकाच जागेला दोन नावं. एका नावानं पाहिलं तर स्ट्रक्ट: दार, मजला, वजन असे वेगळे कप्पे. दुसऱ्यानं पाहिलं तर ॲरे: बाइटांची सरळ रांग, खाली पाठवायला सोपी. मित्र गेल्यावर स्ट्रक्टच्या शेवटी घंटीचा कप्पा यानंच जोडला होता. रांगेची लांबी मात्र मित्रानं पूर्वी लिहिलेल्या आकड्यावरच अडली होती. घंटीची नोंद व्हायची, पण खबर तिच्या अलीकडेच संपायची. नजरेखालून घालायला कोणी नव्हतं.

त्यानं आकडा खोडला आणि लांबी स्ट्रक्टच्या मापावरूनच घ्यायला लावली. आता कप्पे वाढले की रांगही वाढेल. नवा प्रोग्रॅम लिफ्टमध्ये आणि वॉचमनकडे, दोन्ही टोकांना भरून तो लिफ्टमध्ये शिरला आणि घंटी दाबली.

"बोला, अडकलात का?" स्पीकरमधून वॉचमनचा आवाज आला.

"नाही, तपासत होतो."

"बरं. अजून काही?"

त्याचं बोट अजून बटणावरच होतं. "नाही."

बाहेर येऊन तो बाईंना म्हणाला, "मावशी, खाली ऐकू जातच नव्हतं. चूक माझी होती. वॉचमनची नाही."

बाईंचा चेहरा सैलावला. "मग बरं. मला वर सोडता?"

दोघं लिफ्टनं वर गेली. बाईंनी मान हलवून निरोप घेतला आणि दार लावून घेतलं.

घरी जाताना त्यानं बहिणीला फोन केला. "आज एक मोठी चूक सापडली."

"नोकरीवर गदा येणार नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर. वेळेवर जेव."

फोन ठेवल्यावर त्यानं मित्राला लिहिलं, 'तुझा आकडा काढून टाकला.' तिकडे पहाट व्हायची होती. तो चालत राहिला.