साडेपाच गुण

माझ्या मुलीला स्केटिंगमध्ये दहापैकी साडेपाच गुण दिले, ते मला अजून पटलेले नाहीत. चाकाच्या बुटांवरचं नृत्य असतं ते. बर्फ आमच्या कोल्हापुरात फक्त उसाच्या रसात. हलगीच्या तालावरचा तो नाच तिने स्वतः गच्चीवर बसवला होता. मध्येच पडल्यासारखी खाली जायची आणि गिरकी घेतच उठायची. लोकांनी शिट्ट्या मारल्या. परीक्षकांनी उड्या मोजल्या, गिरक्या मोजल्या आणि कलात्मकतेला साडेपाच दिले. घोकलेला नाच करणाऱ्या पोरीला सात.

मी शाहूपुरीच्या पेठेत हमाली करत गुळाचा व्यापारी झालो. आमच्याकडे ढेप सगळ्यांसमोर फोडतात, चाखतात, मग उघड बोली होते. भाव कमी का, हे तोंडावर विचारता येतं. म्हणून मी सरळ परीक्षकांच्या टेबलाशी गेलो.

"बाई, साडेपाच कसले? सात धरा."

"काका, ती पडली की तो नाचच होता, हे आम्हाला कळलं नाही. आणि आता गुण बदलत नाहीत."

"पडलेली पोरगी हसत उठती व्हय? बरं, तुमचं न्हाय, माझं न्हाय. साडेसहावर मिटवू."

मागून कुणीतरी ओरडलं, "पावणं, पोरगी आणलीया का गूळ?"

सगळा हॉल हसला. मी त्याच्यावर धावून गेलो. मुलीने मला दंडाला धरून बाहेर आणलं. स्कूटरवर बसताना एवढंच म्हणाली, "साडेपाच माझे होते, पप्पा. सात मिळाले असते तर ते तुमचे झाले असते."

त्यानंतर तिने मला एकाही स्पर्धेला नेलं नाही. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. घरात आम्ही दोघंच होतो. आता ती नोकरीला पुण्यात असते. अजून स्पर्धांत उतरते, झाल्यावर व्हिडिओ पाठवते. गुण दिसायच्या आधीच तो कापलेला असतो. दुपारी सौदे संपले, पेठ निवांत झाली की मी दुकानातल्या गादीवर एकटाच बसून तो बघतो.

परवाचा बघून लगेच फोन लावला. "किती दिले?"

"ते जाऊ द्या की. तुम्हाला कसं वाटलं?"

खरं तर बघताना मी गादीवरून उठून उभा राहिलो होतो. पण तसलं बोलायची मला सवय नाही. तोंडातून निघालं, "साडेआठ तरी पाहिजेत."

ती म्हणाली, "जेवलात का?" आणि मी हो म्हणेपर्यंत फोन ठेवला.