साडेपाचचा अध्याय

देवाची स्तुती करता करता अख्ख्या बिल्डिंगची झाडाझडती घेणारा माणूस या जगात एकच जन्माला आला, आणि ते नेमके माझे सासरे निघाले. त्यांना आम्ही सगळे पपा म्हणायचो. विक्रोळीच्या कंपनी कॉलनीत त्यांची उभी हयात गेली. ते टूलरूममधून निवृत्त झाले आणि क्वार्टर मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावावर झालं, पण पहाटे उठायची सवय काही निवृत्त झाली नाही. बरोबर साडेपाचला घरात पवित्र शास्त्राचा एक अध्याय मोठ्याने वाचला जाई आणि मग प्रार्थना होई. प्रार्थनेत पपा कुणाचीही तक्रार करत नसत. ते फक्त स्तुती करत. “हे देवबापा, वरच्या मजल्यावर तू नवा खलबत्ता दिलास, तुझी स्तुती असो. तो नेमका दुपारी दोनला चालतो, हे तुला ठाऊकच आहे. आमच्या सुनेच्या हाताला चव दिलीस, तुझी स्तुती असो. मिठाचं तू पाहशीलच.” आम्ही डोळे मिटून बसलेले. प्रार्थनेत उलट बोलायची सोय नसते.

वाचायचं पुस्तक पपांच्या आजोबांचं. नगरकडच्या एका खेड्यात त्या आजोबांनी चाळिशी उलटल्यावर अक्षरं गिरवली, ती हे पुस्तक स्वतः वाचता यावं म्हणून. त्या दिवसापासून या घरात एकही सकाळ अध्यायाशिवाय गेली नाही, हा पपांचा केवढा तरी अभिमान. प्लेगच्या साथीत वाचलं, लग्नघाईत वाचलं, वडील गेले त्या सकाळीसुद्धा वाचलं. पुस्तकाची पाठ निखळली तेव्हा पपांनी ती कॅनव्हासचा पट्टा लावून स्वतः शिवली, इतकी मजबूत की पुस्तक उघडायला दोन हात लागत. अध्याय ओळीने घ्यायचे, एकही गाळायचा नाही. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी नेमका कातडीच्या रोगांचा अध्याय आला. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि खरूज, चट्टे, डाग यांची सविस्तर वर्णनं चाललेली. वाचन संपेपर्यंत निम्मी मंडळी हात खाजवत होती. सासूबाई हळूच म्हणाल्या, “अहो, आजच्यापुरतं पुढचं घ्या ना!” पपा म्हणाले, “पंगतीत बसलीस ना? मग वाढलंय ते खा. निवडत बसू नको.”

मी घाटकोपरच्या मालवणी घरातली. आमचं लग्न रजिस्टर झालं होतं आणि माझा गणपती मी बरोबर घेऊन आले होते. पपांनीच त्याच्यासाठी भिंतीला फळी ठोकून दिली, तीही लेव्हल लावून. वाचनात प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं अशी रीत. आधी पपा, मग सासूबाई, मग माझा नवरा. चौथं वचन आलं की पपा थांबत. माझ्याकडे बघत नसत, चष्मा पुसत. दोन-चार श्वास गेले की ते वचन स्वतःच वाचून टाकत. दीड वर्ष रोज हे चाललं. आई मला विचारायची, “काय गो, तुका थंय वाचूक लावतत काय?” मी म्हणायचे, “नाय गे आये, कोण काय विचारणाच नाय.” खरं तर तोच मला त्रास होता. ते थांबणं माझ्यासाठी होतं, हे मला कळत होतं. पण वाचलं तर मी माहेरची उरेन का, आणि नाही वाचलं तर या घरची कधी होईन का, काहीच उमगत नव्हतं.

मग एका नाताळात पपांनी कहर केला. गाणी म्हणणाऱ्या पोराटोरांबरोबर उघड्या टेम्पोत उभं राहून ते विक्रोळीहून मुलुंडपर्यंत गात गेले. मफलर घरीच. दुसऱ्या दिवशी सासूबाई नगरला, माझ्या नणंदेच्या बाळंतपणासाठी गेल्या. नवरा आधीच कंपनीच्या कामाला बडोद्याला. तिसऱ्या दिवशी साडेपाचला पपांनी पुस्तक उघडलं, तोंड उघडलं, आणि नळाचं पाणी जाताना येतो तसला नुसता फसफसाट बाहेर आला. हळदीचं दूध झालं, मध झाला, गुळण्या झाल्या. सव्वासहा वाजले. पपा पानावर बोट ठेवून बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. आजोबांपासून चालत आलेलं त्यांच्या हातून तुटणार होतं. तरी त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं नाही. सरकवलं असतं तर मी कदाचित नाही म्हणाले असते.

“द्या इकडे, पपा,” मी म्हणाले.

अध्याय निघाला वंशावळीचा. नुसती नावं, तीही जीभ अडखळावी अशी. पण मी पालिकेच्या शाळेत मास्तरीण, नावांना काय घाबरते? मी सरळ हजेरी घ्यावी तशी सुरुवात केली. पपा प्रत्येक नावाला मान हलवत होते. एका फारच अवघड नावाला मी अडले, तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने बोट वर केलं, हजर! मला हसू आवरेना. पण हसता हसता एकदम जाणवलं. कुठल्या कोण माणसांची नावं कुणीतरी एवढी जपून ठेवली होती, आणि माझ्या पणजोबांचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

राहिली प्रार्थना. तीही माझ्याकडेच. मी डोळे मिटले. “देवबापा, आमच्या पपांना गाण्याची एवढी हौस दिलीस, तुझी स्तुती असो. सत्तरीच्या माणसाने मफलर विसरू नये, हे तू त्यांना सांगशीलच. ओला टॉवेल पलंगावर टाकू नये, हेही.” डोळे उघडले तर पपांचे खांदे गदागदा हलत होते. आवाज नव्हता, पण इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घसा काही लवकर सुटला नाही. रोज पहाटे पपा गळ्याला हात लावून मान हलवत आणि मी वाचत असे. चौथ्या दिवशी शाळा लवकर सुटली. कॉलनीच्या वळणावर आले तर पपांचा आवाज दोन बिल्डिंगींपलीकडे खणखणत होता. भाजीवाल्याला विचारत होते, “अरे, ही मेथी म्हणायची का गवत? देवाला तरी भी!” मी आल्या पावली मागे फिरले आणि दहा मिनिटं गेटापाशी उभी राहिले. घरी येऊन विचारलं, “कसा आहे घसा?” पपांनी केविलवाणं तोंड करून हातानेच सांगितलं, नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाचलं. त्यानंतरही वाचत राहिले, नवरा आला, सासूबाई आल्या, तरीही. चौथं वचन माझं झालं, आणि पपांचा घसा त्याच दिवशी ठणठणीत बरा झाला.

पपांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ओशाळतील म्हणून त्या मेथीबद्दल मी त्यांना कधी बोलले नाही. आपण सुनेला बेमालूम फसवलं, याच आनंदात ते गेले. पण मला सगळं माहीत होतं आणि तरी मी वाचत होते, एवढं त्यांना कळायला हवं होतं.