सोनुआक्का वाचायला शिकल्या

सोनुआक्का निपाणीच्या तंबाखू वखारीत तीस वर्षं तंबाखू चाळत आल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पण रोज सकाळी कामाला निघायच्या आधी त्यांचे मालक धर्मराजअण्णा चहाबरोबर पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक उतारा मोठ्यानं वाचत आणि आक्का भाकरी थापत ऐकत. ऐकून ऐकून कितीतरी स्तोत्रं त्यांना तोंडपाठ झाली होती. आमच्या गावातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीतही रविवारचं वाचन अण्णांकडंच असे. एक काना चुकलेला त्यांना खपत नसे.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना लकवा झाला. बेळगावच्या दवाखान्यातून महिनाभरानं घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं पार गेलं होतं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटेना. रविवारचं वाचन माझ्याकडं आलं. अण्णांनी उपासनेला येणंच बंद केलं. आक्कांनी शास्त्र जवळ नेलं की ते भिंतीकडं तोंड फिरवत.

भावकीतल्या रुक्माबाई एकदा बोलून गेल्या, "एवढं देवाचं केलंस, आणि त्येनं वाचाच काढून घेतली व्हय?"

पुढं आक्कांनीच मला सांगितलं, "खरं सांगू? तीन आठवडं म्या प्रार्थनाच केली न्हाय. जीभच उचलंना. मग एक दिवस वखारीत बसल्या बसल्या वाटलं, रागवायचं तर त्येच्याम्होरंच रागवावं. तवापासनं पुन्हा बोलाय लागले."

कन्नड शिकून बेळगावात नर्स झालेली लेक समता दोघांना तिकडं न्यायला आली होती. आक्का म्हणाल्या, "माझं काम हितं हाय, मंडळी हितं हाय. लागलं तर हाक मारीन."

त्यानंतर एका सकाळी आक्कांनी शास्त्र उघडून मांडीवर घेतलं. अक्षर ओळखत नव्हत्या. पण घरात तो आवाज नाही, हे त्यांना सोसवेना. पाठ असलेलं स्तोत्र त्या ओळींवरनं बोट फिरवत म्हणू लागल्या. अण्णांनी थोडा वेळ पाहिलं. पान भलतंच होतं. मग त्यांचा डावा हात पुढं आला. त्यांनी कशीबशी पानं उलटली, आक्कांचं बोट धरलं आणि बरोबर शब्दावर नेऊन ठेवलं.

"मला रडू आलं," आक्का म्हणाल्या, "पर त्यास्नी रागच आलता. चुकीचं वाचलेलं त्यास्नी कवा सोसलंय?"

तिथून शिकणं सुरू झालं. आक्का पाठ असलेला शब्द म्हणत, अण्णा त्यावर बोट ठेवत. चुकलं की मान हलवत. वखारीच्या धुळीनं आक्कांना खोकला जडलेला, डोळे चुरचुरत, पण सकाळची अर्धी घटका त्यांनी सोडली नाही. जोडाक्षरांपाशी कित्येक महिने अडल्या. समतानं चष्मा करून दिला. दीड वर्षानं त्या पाठ नसलेली ओळ वाचू लागल्या. त्या दिवशी अण्णा गालातल्या गालात हसले म्हणे.

मागच्या वर्षी एका रविवारी मंडळीचे पाळक यायचे नव्हते, त्या दिवशी मी शास्त्र आक्कांच्या हातात दिलं. अण्णा दोन वर्षांनी पहिल्यांदाच आले होते, भिंतीला टेकून बसले होते. आक्का उभ्या राहिल्या आणि हळूहळू वाचत गेल्या. ‘विश्वासूपणा’ या शब्दावर थांबल्या. मी पुढं सांगायला तोंड उघडलं, तोच अण्णांनी डावा हात वर करून मला अडवलं.

"वि... श्वा... सू... पणा," आक्कांनी एकेक अक्षर लावलं आणि मग अख्खा शब्द नीट म्हटला.

सहा वचनांना दहा मिनिटं लागली. कुणी चुळबूळ केली नाही.

अण्णांची वाचा परत आलेली नाही. आता ते दर रविवारी येतात आणि आक्का महिन्यातून दोनदा वाचतात. वखारीतल्या दोघीजणी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडं मुळाक्षरं गिरवतात. परवा निपाणी स्टँडवर बसची वाट बघताना मी चेष्टेनं विचारलं, "आक्का, बसवरची पाटी कन्नडात हाय, ती कवा वाचणार?"

त्यांनी चष्मा सावरला आणि पाटीकडं नीट बघितलं.

"त्ये शिकवायला समता हाय की," म्हणाल्या.